दोन महिन्यांचा नियम

"तुमी सारे जा नागपूरले," गिरजाबाई म्हणाली. "खदान बंद आहे. आता यायले उचलाचं कोणाले काम पडते?"

गिरजाबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. आणि 'यायले' म्हणजे वामनराव, माझे थोरले दीर. ते आत बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते.

"जा गा," ते आतून म्हणाले. "चार माणसं जास्त दिसली त आमदारालेबी बरं वाटते."

दाराशी गाडी उभी होती. मी तेव्हा गोटाडीची सरपंच होते. बाईची राखीव जागा निघाली म्हणून मला उभं केलं, आणि निवडून आल्यावर मी खरोखरच सही वाचून करायला लागले, तेव्हा गावाला जरा जडच गेलं. बोलायला मी फटकळ. अजूनही आहे. पण त्या दिवशी गिरजाबाई जा म्हणाली आणि मला त्यात वावगं काही दिसलं नाही. कोणालाच दिसलं नसतं.

वामनराव याच दगडाच्या खदानीवर कामाला होते. क्रशरच्या पट्ट्यावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं आणि हात झटकले. त्यांचं घर गावातलं शेवटचं. घरामागे एक तुरीचं वावर आणि वावरापलीकडे खदान. रोज दुपारी भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की त्या ओळीतल्या सगळ्या घरांनी हातातलं काम टाकून नाल्यापलीकडे आंब्याखाली जायचं. पोळी तव्यावर असली तरी तशीच. मग सुरुंग उडायचे, भिंती हलायच्या, आणि लिंबाएवढे, नारळाएवढे गोटे छपराच्या टिनावर पडायचे. सगळं शांत झालं की परत घरी.

वामनरावांना बाजेसकट न्यावं लागायचं. त्यासाठी चौघं ठरलेले होते. आमचे हे, श्यामराव पाटलांची दोन्ही पोरं आणि शेजारचा गजानन. दार अरुंद, बाज रुंद, त्यामुळे ती उंबऱ्यात तिरपी करून, आधी डोक्याकडची बाजू काढून मग पायाकडची काढायची. चौघांच्या हाताला ती सवय झाली होती. वामनराव तेवढ्यातही थट्टा करायचे. म्हणायचे, "माझी रोजचीच मयत निघून राहिली, मेल्यावर कोणाले कौतुक राहीन?" गिरजाबाई तोंडाला पदर लावून मागून चालायची.

आणि मग नियम आला. जुनं सरकार जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. जाता जाता त्यांनी नियमांचा नुसता पाऊस पाडला. त्यात एक निघाला, वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत सुरुंग लावायचा नाही. आमच्या भल्यासाठी काढला नव्हता, मतांसाठी काढला होता, एवढं आम्हाला कळत होतं. पण कशासाठी का असेना, काढला तर. तहसीलदारांनी येऊन खदानीला सील ठोकलं. त्या दुपारी भोंगा वाजला नाही. गिरजाबाई सवयीनं उठून उंबऱ्यापर्यंत आली, आणि मग परत जाऊन नवऱ्याजवळ बसली. वामनराव दुपारचे झोपायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

निवडणूक झाली. मतं दुसरीकडे गेली. नव्या सरकारनं नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधेयक आणलं की जुन्या सरकारनं शेवटच्या पंधरवड्यात काढलेले सगळे नियम रद्द. त्यात भाच्यापुतण्यांना जमिनी देणारे होते, संस्थांच्या खिरापती होत्या, ते रद्द झाले तर कोणी रडणार नव्हतं. पण त्याच यादीत आमचाही नियम होता.

आमचे आमदार पुंडलिकभाऊ निखाडे नव्या सरकारच्याच पक्षाचे. पहिल्यांदा निवडून आलेले. प्रचारात वामनरावांच्या बाजेवर येऊन बसले होते, त्यांच्या निर्जीव पायांवर हात ठेवून म्हणाले होते, "दादा, हे पाय माझ्या ध्यानात राहतील." आम्ही त्यांच्याकडे धावलो. त्यांनी लगेच दुरुस्ती दिली. म्हणजे असं की विधेयक होऊ द्या, पण त्यातून एवढा एक नियम वगळा. पेपरात नाव छापून आलं. गाव खूश झालं, आणि श्यामराव पाटलांनी सत्काराचं काढलं.

श्यामराव गावचे जुने पोलीस पाटील. त्यांना सत्काराचं वेड. मास्तरची बदली झाली तरी सत्कार, बदली रद्द झाली तरी सत्कार. मी म्हटलं, "पाटील, आधी काम होऊ द्या. नारळ मंग फोडा."

"सरपंचबाई, तुमाले राजकारण समजत नाही," ते म्हणाले. "आधी मान दिला की माणूस बांधल्या जाते. अंगावर शाल पडली की त्याले मांगं फिरता येत नाही."

तर असे आम्ही निघालो. श्यामराव, त्यांची दोन पोरं, आमचे हे, गजानन आणि मी. शाल, श्रीफळ, फेटा आणि बुंदीचा डबा.

नागपूरला गेटवर भाऊंचा पीए कुंदन भेटला. तरतरीत पोरगा. त्यानं आवाराचे पास हातात दिले आणि मला वेगळा एक दिला.

"गॅलरीचा एकच भेटला, ताई. तुमी बसा वर, बघा भाऊ कसे बोलतात ते. आन पाटील, भाऊ म्हणाले सत्कार बाराच्या सुमाराले उरकून घ्या. झाडाखाली. नंतर भाऊले फुरसत नाही."

"विधेयक किती वाजता आहे?" मी विचारलं.

"त्याचा काही भरोसा नसते, ताई. आज येईन, उद्या येईन."

फोन गेटवर जमा करून घेतले. मी जिने चढून गॅलरीत जाऊन बसले. खाली सगळं चकचकीत, लाकडी बाकं, पांढरे कपडे. भाऊ मागच्या रांगेत दिसले. पुढ्यात कागद होते. मला वाटलं, तयारी करून आले आहेत. मनातून खरंच भरून आलं. वामनराव इथं असते तर म्हणाले असते, बघ शशे, माझे पाय विधानसभेत पोचले.

माझ्या शेजारी एक वार्ताहर बसला होता. मी त्याला हळूच विचारलं, ते खदानीचं विधेयक आज आहे का. त्यानं छापील कागद पुढे केला आणि बोट ठेवलं. बारा वाजता.

"बाराला? नक्की?"

"नक्की. छापलंय ना."

मी खाली पाहिलं. भाऊ उठले. कागद तसेच ठेवून, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारून दारातून बाहेर गेले. मला वाटलं येतील, माणूस पाणी प्यायला जातो. ते जातात न जातात तोच अध्यक्षांनी विधेयक पुकारलं. मंत्री उठले, जुन्या सरकारला शिव्या घातल्या, बाकं वाजली. मी दाराकडे बघत होते. मंत्री बसले.

अध्यक्ष म्हणाले, "अनुसूचीवर सन्माननीय सदस्य श्री. पुंडलिक निखाडे यांची दुरुस्ती आहे."

मागच्या रांगेत नुसते कागद होते.

"सन्माननीय सदस्य अनुपस्थित. दुरुस्ती मांडली गेली नाही."

मी उभी राहिले. "ते बाहेर आहेत, झाडाखाली आहेत," असं माझ्या तोंडून निघालंच. खाली ऐकू गेलं नाही, पण गॅलरीतला शिपाई धावत आला. "ताई, खाली बसा. बोलायचं नाही इथं." खाली मत घेणं चाललं होतं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. सगळे होय म्हणाले. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. थोडे नाही म्हणाले. होयचे बहुमत. पाणी ओतायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

मी जिन्यावरून कशी उतरले मला ठाऊक नाही. झाडाखाली भाऊ उभे होते. डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. एका बाजूला श्यामराव, दुसऱ्या बाजूला आमचे हे, मागे पोरं, आणि समोर फोटोवाला सांगत होता, जरा जवळ या.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमचं नाव पुकारलं."

"काय सांगता ताई?"

"पुकारलं आन संपलंबी. अनुपस्थित म्हणाले."

ते तसेच शालीसकट आत धावले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. कपाळावर हात मारून घेतला. मग सगळ्यांदेखत कुंदनला असं काही झापलं की श्यामरावच मध्ये पडले. कुंदन खाली मान घालून उभा राहिला.

"घात झाला, ताई," भाऊ म्हणाले. "पण अजून सारं गेलं नाही. अजून वरच्या सभागृहात जाईन, मंग राज्यपालांची सही. महिना तरी लागते. उद्या सकाळी मी तुमाले मंत्र्याकडे नेतो. सारे या, एकबी जाऊ नका. माणसं दिसली पाह्यजे."

आमदार निवासात आमची राहण्याची सोय केली. जेवण घातलं. स्वतः पंक्तीत वाढायला उभे राहिले. श्यामराव घास गिळता गिळता रडत होते. "माझ्या शालीनं केलं हे," एवढंच म्हणत होते. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती. संध्याकाळी मी गिरजाबाईला फोन लावला.

"झालं काय?" तिनं विचारलं.

"नाही झालं, बाई. उद्या मंत्र्याकडे चाललो."

"मंग खदान?"

"आताच नाही सुरू होत. महिना लागते म्हणतात."

"महिना त महिना," ती म्हणाली. "तू जेवली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्र्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही बसून होतो. भाऊ यायचे होते. गजाननचा फोन वाजला. त्याच्या बायकोचा होता. तो उठून उभा राहिला, ऐकत राहिला, आणि फोन तसाच माझ्या हातात दिला.

खदानीचा मालक ठवकर. त्याला आदल्या दिवशी दुपारीच बातमी पोचली होती. त्यानं ना वरच्या सभागृहाची वाट पाहिली, ना राज्यपालांच्या सहीची. सील तोडलं, संध्याकाळीच छिद्रं पाडायला माणसं लावली, आणि सकाळी भोंगा दिला. सकाळी भोंगा कधी वाजत नसे. लोकांना आधी कळेचना. मग ओळीतली घरं पळायला लागली. गजाननची बायको, तिची सासू आणि आणखी दोघी वामनरावांकडे धावल्या. बायकांनी बाज उचलली. दारापर्यंत आणली. ती सरळच काढायला गेल्या, आणि ती उंबऱ्यात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. वामनराव सांगत होते, तिरपी करा, डोक्याकडून, डोक्याकडून. तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. तो शेवटचा असतो.

"तुमी पळा," वामनराव बायकांना म्हणाले. "पोरं हायत तुमाले. पळा म्हणतो ना."

त्या पळाल्या. गिरजाबाई गेली नाही. तिनं कशीबशी बाज मागे ओढली आणि त्यांच्यावर आडवी पडली. गोटा टिन फोडून आला. तिच्या खांद्याचं हाड मोडून तो वामनरावांच्या छातीवर बसला. आम्ही गावात पोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. गिरजाबाईला तालुक्याला नेलेलं होतं. त्यांच्याच त्या ठरलेल्या चौघांनी त्यांना शेवटचं उचललं. मी बघू शकले नाही.

तेरवीला भाऊ आले. पांढरे कपडे, सोबत दोनच माणसं. गिरजाबाईच्या पुढ्यात जमिनीवर बसले, रडलेही. खोटं रडले असं मी म्हणणार नाही. निघताना मी त्यांना गोठ्याच्या आडोशाला गाठलं.

"भाऊ, सत्काराची वेळ कोणं ठरवली?"

"कुंदननं. त्याले काढून टाकलं मी."

"कुंदन त म्हणाला, भाऊनं सांगितलं. आन विधेयक बाराले आहे हे कागदावर छापलं होतं. तो कागद तुमच्याबी पुढ्यात होता. मी वरून पाहत होती."

गोठ्यातली गाय शेपटी हलवत होती, ते तिच्याकडे बघत राहिले.

"ताई, वरून आदेश होता," शेवटी म्हणाले. "दुरुस्ती मांडाची नाही. मांडली असती त पक्षानं मले उभं जाळलं असतं. आन मागं घेतली असती, सभागृहात उभं राहून, नाव घेऊन, त तुमी मले या गावात पाय ठेवू दिला असता काय?"

"नसता दिला."

"मंग मी काय कराले पाह्यजे होतं? हजरच नसलो त कोणाचंच नाव खराब होत नाही. साऱ्यायनं असंच केलं असतं, ताई. मले काय माहीत तो दुसऱ्याच दिवशी सुरुंग लावन?"

"आन आम्हाले रात्री थांबवलं ते?"

"ते खरंच मंत्र्याकडे नेणार होतो," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो."

मी त्यांच्या तोंडावर थुंकणार होते. पण घरात पाहुणे होते आणि दिवस तेरवीचा होता. मी म्हटलं, "जा तुमी आता." ते गेले. श्यामरावांना हे मी कधीच सांगितलं नाही. मरेपर्यंत ते स्वतःलाच दोष देत राहिले आणि भाऊंना पुढच्या निवडणुकीतही मत देऊन आले. सांगायला हवं होतं का, कोण जाणे. सांगितलं असतं तर म्हातारा त्या सत्काराच्या फोटोकडे कसा बघत राहिला असता, याचीच मला भीती वाटली.

आमची सगळी आशा तेव्हा ठवकरवरच्या खटल्यावर होती. त्या सकाळी नियम अजून जिवंत होता. विधेयक एकाच सभागृहात झालं होतं, सही व्हायची होती. म्हणजे ठवकरनं नियम मोडून सुरुंग लावला आणि माणूस मारला, यात शंकाच नव्हती. फौजदारानंही तसंच लिहून घेतलं. मी गिरजाबाईला रोज सांगायचे, "बाई, याले सोडत नाही. एवढं तरी आपल्या हाती आहे." ती मान हलवायची. तिचा डावा हात वर होत नव्हता. उजव्या हातानं एकटीच भाकरी थापायची.

उन्हाळ्यात वकिलांनी आम्हाला बोलावून घेतलं. मेश्राम वकील, भला माणूस, आमच्याकडून पैसे घेत नव्हता. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि बराच वेळ फाईल चाळत राहिले.

"ठवकर सुटला," ते म्हणाले.

"कसा सुटला?" मी विचारलं. "नियम होता ना त्या दिवशी."

"होता. पण नंतर कायदा झाला, त्यात एक वाक्य आहे. मी वाचून दाखवतो." त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं. "अनुसूचीतील नियम कधीही केलेच गेले नव्हते, असे मानण्यात येईल."

"म्हणजे?"

"म्हणजे नियम रद्द झाला असं नाही, ताई. तो पहिल्या दिवसापासून नव्हताच, असं धरायचं. आणि नियमच नव्हता तर ठवकरनं मोडलं काय? भोंगा त्यानं दिला होता. जुन्या पद्धतीनं भोंगा पुरतो. तेही त्यानं सिद्ध केलं. सीलही त्याच नियमाचं, म्हणून तेही नव्हतंच."

गिरजाबाई एवढा वेळ खाली बघत होती. तिनं विचारलं, "वकीलसाहेब, म्हणजे तो नियम झालाच नाही?"

"कायद्याच्या दृष्टीनं नाही."

"दोन महिने आम्ही नाल्यापलीकडे गेलो नाही. हे दुपारचे घरात झोपत. मी त्यायच्यापाशी बसून तांदूळ निवडत होती. तेबी झालं नाही?"

वकिलांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"आन हे मेले," ती म्हणाली, "ते तरी झालं का? का तेबी झालं नाही असं धराचं?"

ती खरंच विचारत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. त्यांना माहीत असेल, ते सांगतील, असंच तिला वाटत होतं. मेश्राम वकिलांनी फाईल मिटली. उत्तराची वाट बघत ती तशीच खुर्चीत बसून राहिली, आणि तिला उठ म्हणायला मला किती तरी वेळ लागला.